पाच वॅटचा आवाज

मी बोलतोय, आणि मुद्दामच हळू बोलतोय, कारण माझा जन्मच त्यासाठी झाला आहे. मी गिटारचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. सगळे मला ‘अ‍ॅम्प’ म्हणतात. उभा केला तर तुमच्या गुडघ्यालाही पोचत नाही, आणि ताकद म्हणाल तर अवघी पाच वॅट. पण एवढ्याशा ताकदीत माझ्या वाट्याला जे आलं, ते सांगायचं म्हटलं की माझ्या स्पीकरचा पडदा आतल्या आत थरथरू लागतो.

एका लांबलचक टेबलावर मी तयार झालो. एका बाईंनी डाख देऊन माझ्या तारा जोडल्या, दुसऱ्या बाईंनी खोक्यात स्पीकर बसवला, कुणीतरी समोर करडं कापड ताणून लावलं. शेवटी एका तपासनिसानं माझ्यात गिटारची वायर खुपसली आणि एकच तार छेडली. माझ्या तोंडून पहिला स्वर बाहेर पडला. तपासनीस म्हणाला, "बोलतोय," आणि कागदावर बरोबरची खूण केली. तेवढ्यावर मी जगात आलो.

पुढचे सात महिने एका वाद्यांच्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर गेले. माझ्या शेजारी कपाटाएवढे अ‍ॅम्प उभे असत. गिऱ्हाईक यायचं, थेट त्यांच्यापाशी जायचं, आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिरगाळायचं आणि येत असलेलं अर्धं गाणं वाजवायचं. उरलेलं अर्धं कुणालाच येत नसे. दुकान हादरायचं, दुकानदार हसून मान डोलवायचा. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "घरी विचारून सांगतो," आणि परत फिरकायचं नाही. माणसं घरात वाजवायचं वाद्य मैदानात वाजवल्यासारखं का तपासतात, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

मग एका सकाळी ती आली. अंगात बसचालकाचा गणवेश, पाठीवर गिटार, आणि गिटारला घरी शिवलेलं जाड कापडाचं कव्हर. सोबत तिचा नवरा होता. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, त्यामुळे मोजमापाशिवाय त्याचं पान हलत नसे. खिशातून टेप काढूनच तो आत शिरला.

"हिला डबा हवाय," ती दुकानदाराला म्हणाली आणि स्वतःच हसली. "डेपोतल्या मिस्त्रींनी मला ही विजेवरची गिटार विकली. म्हणाले, हिचा डबा कधीच जळाला, नवा घ्यावा लागेल. मला वाटलं, ठेवायचा डबा. म्हणून मी हे कव्हर शिवलं."

"आणि मग?" दुकानदारानं विचारलं.

"मग काय, वाजवायला बसले तर आवाजच नाही. तेव्हा कळलं, डबा म्हणजे आवाजाचा डबा. पाच महिने लाकडाला कान लावून वाजवतेय. घरात हिला मुकी म्हणतात."

दुकानदार पोट धरून हसला. मला मात्र हसू आलं नाही. पाच महिने लाकडाला कान लावून बसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुकानदारानं रिवाजाप्रमाणे कपाटाएवढा अ‍ॅम्प पुढे ओढला. तिनं एक तार छेडली. खिडकीच्या काचा वाजल्या. "छान आहे," ती म्हणाली, "पण आमची भिंत एका विटेची आहे, आणि पलीकडच्या काकांना शिंक ऐकू गेली तरी ते दार वाजवतात. मला असा हवा, जो हळू ठेवला तरी मेल्यासारखा वाटणार नाही."

मग तिनं जे केलं ते त्या दुकानात कुणी केलं नव्हतं. तिनं प्रत्येक अ‍ॅम्पची खुंटी पहिल्या खुणेवर ठेवली. नवऱ्याला रस्त्यावर उभं केलं, दार लावून घेतलं आणि वाजवत सुटली. नवरा बाहेरून काचेतून बोटांनी खुणा करायचा: ऐकू येतंय, येत नाही, थोडंसं येतंय. थोरामोठ्यांची गंमत झाली. हळू बोलायची सवयच नसल्यानं कुणी घोगरा झाला, कुणाचा आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा वाटला.

माझी पाळी आली तेव्हा फळीवरची धूळ तिनं बाहीनं पुसली. मी जीव एकवटला. तिनं सगळ्यात जाड तार छेडली आणि मी तिला भरदार, गोल, स्वच्छ आवाजात उत्तर दिलं. ती थांबली. पुन्हा छेडली. इंजिनाच्या गुरगुरीतून बारीकसा बिघाड ओळखणारे कान होते ते. त्यांना फसवणं शक्य नव्हतं. बाहेर नवरा दोन्ही हात हलवत होता: काहीच ऐकू येत नाही.

"अहो, आत या," ती दार उघडून म्हणाली. "सापडला."

नवऱ्यानं मला चारही बाजूंनी मोजलं. "कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बसेल," तो म्हणाला. "दोन बोटं जागा उरेल." माझा जीव भांड्यात पडला.

घरी पहिल्या संध्याकाळी तिनं गणवेश बदलला नाही, चहा घेतला नाही. वायर जोडली, बटण दाबलं, माझा लाल दिवा लागला. वीस वर्षं तिनं दुसऱ्यांचेच आवाज ऐकले होते, इंजिनाचे, घंटीचे, भांडणाऱ्या प्रवाशांचे. आता खोलीत उमटत होता तो तिचा आवाज होता. पहिल्यांदा ऐकल्यावर ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हे मी वाजवलं." तो म्हणाला, "मग काय, मी?" पण त्याचा चष्मा त्याला पुसावा लागला.

ती एकच धून वाजवायची. फार वर्षांपूर्वी मिस्त्री डेपोत जेवणाच्या सुट्टीत ती याच गिटारवर वाजवत. मग एकदा निसटलेल्या पान्यानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. जुळली, पण ताठच राहिली. धून तिच्या कानात तेवढी उरली होती, तीही अर्धीमुर्धी. तिसऱ्या वळणावर ती रोज अडायची, मागे यायची, पुन्हा अडायची.

दहाव्या दिवशी दार वाजलं. पलीकडचे काका उभे होते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. तिची तर पाचावर धारण बसली.

"काका, आवाज येतो का? बंद करते."

"आवाज येत नाही. भिंतीला कान लावावा लागतो," काका म्हणाले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते जरा खाकरले. "नऊ दिवस झाले, तुम्ही एकाच जागी चुकता. पुढे काय आहे?"

"पुढचं मला आठवत नाही."

"मग ज्याला आठवतं त्याला विचारा. चूक दिसली की मला झोप लागत नाही. बंद कशाला करता, दुरुस्त करा."

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रींकडे गेली. तिथं काय झालं ते तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि मी कान टवकारून ऐकलं. मिस्त्री एका बसखाली उताणे होते. तिनं विचारल्यावर बसखालूनच त्यांनी उरलेली धून गुणगुणून दाखवली. मग ते सरकत बसखालून बाहेर आले. म्हणाले, "पोरी, महिनाअखेर मी निवृत्त होतोय. भाषणं वगैरे होतील. त्यापेक्षा तू वाजव. जाण्याआधी एकदा त्या गिटारचा आवाज ऐकू दे."

ती हो म्हणून आली. आणि घरी पोचेपर्यंत तिच्या ध्यानात आलं की निरोप समारंभ बसदुरुस्तीच्या शेडमध्ये आहे. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी मोकळं, माणसं दोनशे. आणि मी पाच वॅटचा.

दोन दिवसांनी तिनं मला उचललं आणि पुन्हा दुकानात आणलं. दुकानदार म्हणाला होता, छोटा परत द्या, मोठा घेऊन जा. मी काउंटरवर बसलो होतो. खालच्या फळीवरची माझी जुनी जागा अजून रिकामीच होती. ती कपाटाएवढ्या अ‍ॅम्पवर वाजवत होती, काचा वाजत होत्या, आणि माझ्या आत पाच वॅटसुद्धा उरले नव्हते.

तिनं वाजवणं थांबवलं. "आवाज मोठा आहे," ती म्हणाली, "पण समारंभानंतर हा घरात कसा वाजवू? एका दिवसासाठी रोजचं वाजवणं घालवायचं का?"

नवरा टेप गुंडाळत उभा होता. आधीच मितभाषी, त्यात अनोळखी विषय. तरी तो पुढे झाला. "मला यातलं कळत नाही," तो दुकानदाराला म्हणाला. "पण आमच्याकडे बारीक अक्षर वाचायचं असेल तर आम्ही पुस्तक मोठं छापत नाही. पुढे भिंग धरतो. आवाजाचं भिंग नसतं का?"

दुकानदारानं कपाळावर हात मारला. "असतं की. त्याला माइक म्हणतात. शेडमध्ये भाषणांना लावणारच आहेत. तोच याच्यापुढे धरा. मोठ्या मोठ्या कार्यक्रमांत असंच करतात." मग जरा ओशाळून म्हणाला, "मोठा विकायच्या नादात विसरलो, ताई."

तिनं मला दोन्ही हातांनी उचलून घेतलं. मला हात असते तर मी तिच्या गळ्यात पडलो असतो.

समारंभाची दुपार. शेडमध्ये बसा मागे सरकवून खुर्च्या मांडलेल्या. मिस्त्री पहिल्या रांगेत, आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ हातांनी. पलीकडचे काका मुद्दाम आले होते. मला एका उलट्या बादलीवर बसवलं. एवढुसं खोकं पाहून मागून कुणीतरी म्हणालं, "डब्यात काय आणलंय ताईंनी?" हशा पिकला. माइकवाल्यानं माइकची दांडी वाकवली आणि तो माझ्या कापडापासून चार बोटांवर आणला.

तिनं माझी खुंटी पहिल्या खुणेवर ठेवली. तिनं पहिली तार छेडली. मी घरी बोलतो तितकंच बोललो, तेवढंच हळू, तेवढंच गोल. आणि त्याच क्षणी शेडच्या चारही कोपऱ्यांतून माझाच आवाज माझ्यावर धावून आला. पत्र्याला भिडला, बसांच्या काचांवरून घसरला, दोनशे माणसांच्या डोक्यावरून गेला. मी दचकलो. मग मला असं काही उधाण आलं की विचारू नका.

हशा थांबला. धून पहिल्या वळणावर गेली, दुसऱ्या, मग तिसऱ्या. काकांनी डोळे मिटले. ती अडली नाही. मिस्त्रींचा डावा हात मांडीवर होता. त्यातली दोन बोटं वाकून तारा दाबत असल्यासारखी हलत होती आणि दोन ताठ बोटं बाजूला उभी होती.

शेवटचा स्वर विरला. टाळ्या पडल्या, पण तेवढ्यानं चालकांचं समाधान होईना. कुणीतरी धावत आपल्या बसमध्ये चढला आणि भोंगा वाजवला. मग दुसरा, मग सगळेच. तीस बसांचे भोंगे, आणि मधोमध बादलीवर मी. मिस्त्री उठून आले, माझ्यापुढे वाकले आणि म्हणाले, "तिचा आवाज असाच होता." एवढंच बोलून ते खाली बसले आणि रुमाल शोधू लागले.

याला आता दोन वर्षं झाली. माझ्या खुंट्यांवरचे आकडे पुसट झालेत, कोपऱ्याचं आवरण सुटलंय, कापडावर चहाचा डाग आहे. रोज संध्याकाळी पाऊण तास मी कामावर असतो. शनिवारी मिस्त्री येतात. आले की ऐकत बसतात. गिटार हातात घ्या म्हटलं तर हात मागे घेतात.

गेल्या शनिवारी मात्र तिनं खिशातून पान्याचं एक सॉकेट काढलं, नळीसारखं पोकळ, गुळगुळीत, बोटभर लांब. मिस्त्रींच्या ताठ बोटात ते घातलं आणि गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. "तारा दाबू नका," ती म्हणाली. "नुसतं वरून सरकवा. याला ताठ बोटच लागतं."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. सॉकेट तारेवर टेकवलं, तार छेडली आणि हळूच पुढे सरकवलं. मी आजवर कधी काढला नव्हता असा लांब, घसरत वर चढणारा आवाज माझ्या तोंडून निघाला. बोट परत मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका कान लावायला आले असावेत.

वाचकहो, तुम्हीही कधी माझ्यासारख्याला निवडायला दुकानात जाल, तर एवढं ऐका. खुंटी पहिल्या खुणेवर ठेवा, दार लावून घ्या आणि आम्हाला हळू बोलू द्या. जो हळू बोलताना खरा वाटेल, त्याला घरी न्या. बरं, येतो. आज शनिवार आहे, आणि मिस्त्री अर्धा तास आधीच येऊन बसलेत.