उत्तमरावांचा पासवर्ड

सुलतानपूरच्या उत्तमरावांइतका संशयी माणूस लोणार तालुक्यात झाला नाही. झाला असेल तर त्यानं आपलं नाव कुणाला कळू दिलं नसेल. हापशावर पाणी प्यायचं तरी ते आधी मागं वळून पाहत. आणि फेसबुकचा पासवर्ड टाकायचा म्हणजे तर सोहळाच! बैलाचं तोंड फिरवायचं ("मुकं जनावर हाय, पन पाह्यते कसं!"), डोक्यावर घोंगडी ओढायची, मगच बोटं चालायची. एका वैशाखात घोंगडीत घेरी येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर पाण्याआधी बायकोला, तानुबाईला विचारलं, "मी काही बडबडलो तं नाही?"

अशा माणसाच्या फेसबुकवर बुधवारी सकाळी उघड्यावाघड्या बायांचे सतरा फोटो चढले. वर नाव उत्तमरावांचं, बाजूला फेट्यातला फोटोही त्यांचाच. पुसले, तर संध्याकाळी नवे सतरा.

नेमकी त्याच आठवड्यात थोरल्या करिष्माची सोयरीक जुळत आली होती. पोरगी आणि नांदुऱ्याचा देवानंद, दोघं एकमेकांना पसंत. देवानंदच्या बापाचा, उकंडरावांचा फोन आला : "रविवारी येतो. तोंडासमोर बोलू. मंगच हो का नाही ते सांगतो."

उत्तमराव पुन्हा घोंगडीत शिरून फोटो पुसत बसले.

"बाबा, पासवर्ड सांगा. बदलून देते," करिष्मा म्हणाली.

"तुले सांगू? उद्या तू परक्याच्या घरी जाशीन!"

"जाईन तवा ना! असंच राह्यलं तं इथंच बसते जलमभर."

तरी सांगितला नाही. मग संशय फिरत फिरत शेजारच्या भागवतवर येऊन बसला. चाळीस वर्षं एका अडकित्त्यानं सुपारी खाल्लेले दोघं.

"भागवत, खरं सांग बे. माया मागं उभा राहून तूच पाह्यलं ना?"

"मी काऊन पाहू? तुया घोंगडीत डास तरी शिरते का?"

"डास शिरत नाही, हे तुले कसं मालूम?"

त्या दिवसापासून सुपारी बंद.

रविवारी खुर्च्या आणायला उत्तमराव स्वतः ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन मेहकरला गेले. येताना एक पांढरी गाडी मागं लागली. हॉर्नवर हॉर्न! पण मागच्याला बाजू देईल तो संशयी कसला? यांनी ट्रॉली आणखी मधोमध घेतली. गाडी अंगणापर्यंत मागंच आली, आणि तिच्यातून घामानं चिंब झालेले उकंडराव उतरले, मागून देवानंद.

"अहो, दहा किलोमीटर तुमची ट्रॉलीच पाह्यली. पाठ झाली मले! छकुली, करिष्मा, चार चार सात एक!"

उत्तमरावांच्या हातातली खुर्ची पडली. "हळू बोला हो! साऱ्या गावाले आयकू जाईन!"

ट्रॉलीच्या मागं पेंटरनं दिवाळीत पिवळ्याधमक रंगात, हातभर उंच अक्षरांत दोन्ही पोरींची नावं काढली होती. त्याखाली ट्रॉलीचा नंबर. आणखी खाली, कुणाची गैरसोय नको म्हणून, उत्तमरावांचं नाव आणि मोबाइल नंबर.

करिष्मानं बापाकडं पाहिलं. "बाबा... हाच?"

उत्तमरावांचा हात घोंगडीकडं गेला. घोंगडी नव्हती.

"हाव," ते म्हणाले.

आधी देवानंद फिसकन हसला, मग उकंडराव खुर्ची सरळ करून बसले. "ज्यानं आपली किल्ली रस्त्यावर मिरवली, त्याच्या घरात कोनीबी शिरंन. फोटोचं आमच्या मनातून गेलं. चहा ठेवा, सोयरीक पक्की."

करिष्मानं तिथल्या तिथं पासवर्ड बदलला. नवा बापाला सांगितला नाही. फोटो टाकणारा कोण, ते काही कळलं नाही. दिवाळीपासून त्या ट्रॉलीमागून अर्धा जिल्हा गेला होता.

सोमवारी उत्तमराव अक्षरं पुसायला लोणारच्या पेंटरकडं पोचले, तर तिथं आधीच अकरा ट्रॉल्या. साऱ्या भिंतीला पाठ लावून उभ्या. मालक एकमेकांची नजर चुकवत बिड्या ओढत होते. पहिल्याच ट्रॅक्टरवर भागवत. उत्तमरावांनी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं आभाळाकडं.

मग भागवतनं खिशातून अडकित्ता काढला.

"घे बे सुपारी. पन तिकडं मागं पाहू नको."