पाळीची वही

कुणी चुकीचं बोललं की माझं डोकं फिरतं, हे मी कधी लपवलं नाही. "पावती भेटली" म्हणणाऱ्याला "कुठे भेटली, बागेत?" असं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा बाईच्या हातात धुलाईच्या कारखान्यातली पाळीची वही पडली, तिथेच घोळ झाला.

वही साधी होती. पाळी संपली की यंत्रावरच्या बाईने काय बिघडलंय ते लिहायचं, पुढच्या बाईने ते वाचून मगच बटण दाबायचं. सुपरवायझर म्हणून वही तपासायचं काम माझं, आणि मी तपासायची ती लाल पेनाने. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर सकाळी एक मावशी असायच्या, माझ्या आईच्या वयाच्या. शाळा चौथीत सुटलेली, पण रोज चार-चार ओळी लिहायच्या. त्या ओळी मी चहाच्या वेळी चुकांसकट मोठ्याने वाचून दाखवायची. सगळ्या हसायच्या, मावशीही हसायच्या. मला वाटायचं, त्यांनाही मजा येतेय. मजा कसली, डोंबलाची.

पुढे मावशी दोनच शब्द लिहू लागल्या: "सर्व ठीक." बघा, सुधारल्या की नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले.

मागच्या सोमवारी दुपारच्या पाळीतल्या बाईचा हात रोलरमध्ये गेला. हात ओढला जाऊ लागला की यंत्र बंद करणारी एक दांडी असते, ती अडकलेली होती. त्या बाईची तीन बोटं भाजली. वहीत सकाळच्या पाळीचा शेरा होता, सर्व ठीक.

मी मावशींना गाठलं. "दांडी अडकते हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. लिहिलंही होतं."

"मग?"

"पान फाडलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "चारदा लिहिलं, चारदा खोडलं. म्हटलं, उद्या परत चहाला वाचतील. तिला तोंडीच सांगणार होते, पण तिला यायला उशीर झाला आणि माझी बस आली."

लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅनेजरांनी मावशींकडून लेखी जबाब मागितला, स्वतःच्या अक्षरात. कारण पटलं तर कामावर, नाही तर घरी. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, "मावशी, खरं ते लिहा. माझ्यामुळे पान फाडलं, असंच लिहा. कसंही लिहा, मी एका अक्षराला हात लावणार नाही." आणि शहाणी मी, शेजारीच बसून राहिले. दहा मिनिटं झाली तरी पेन कागदाला टेकेना.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही असलात की हात चालत नाही."

मी दाराबाहेर उभी राहिले.

मॅनेजरांच्या टेबलावर तो कागद पाहिला, तेव्हा त्यावर एवढंच होतं: "मी विसरले. चूक माझी." जे शब्द नक्की येतात, तेवढेच त्यांनी लिहिले होते.

मी सगळं सांगून टाकलं, चहाच्या वेळच्या हसण्यासकट. मॅनेजरांनी ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "यात तर तसं काही नाही. आणि नीट लिहायला लावणं हा काही गुन्हा नव्हे."

मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मला कुणी काहीच म्हटलं नाही.