कडेवरचं नाव

आसाराम हवालदारांनी चोवीस वर्षं लष्करात कारकुनी केली होती, सगळी रेकॉर्डच्या कागदांत. निवृत्त होऊन भिंगारला घर केल्यावर त्यांना वाटलं होतं, आता सुटलो. पण कुणाच्या आज्याचं, कुणाच्या चुलत्याचं जुन्या लढाईतलं मेडल घेऊन माणसं दारात येतच राहिली. मेडलच्या कडेवर ठोकलेला नंबर आणि नाव भिंगातून वाचायचं, कुठली पलटण ते ओळखायचं, रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकायचं, मग सहा-आठ महिने वाट बघायची. अकरा वर्षं हेच चाललेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि आताशा कुणी कडी वाजवली की त्यांना उठायचाही कंटाळा यायचा.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत बनाबाई आल्या. सोनईच्या पुढच्या एका वाडीतल्या, पासष्टीच्या घरातल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी मेडल काढलं.

"मालकांचा बिल्ला हाय. लढाईत मोटार चालवायचे, ब्रह्मदेशाकडं. त्यांना जाऊन तेवीस वर्सं झाली. कचेरीत फौजीच्या इधवेचा दाखला मागितला तर पुरावा आना म्हनत्यात. डिस्चार्जचा कागुद पुराच्या पान्यात गेला."

"नाव काय मालकांचं?"

"रंभाजी."

आसारामांनी मेडल उजेडात धरलं, भिंग लावलं. कडेवर नाव होतं गहिनीनाथ.

जुन्या बाजारात असली मेडलं त्यांनी ढिगानं पाहिली होती. छातीवर मिरवायला विकत घेतलेली, घरच्यांना थापा मारून दाखवलेली. या बाईलाही नवऱ्यानं फसवलं असेल, आणि ते सांगायची पाळी नेमकी आपल्यावर. "पत्र टाकतो," एवढंच म्हणून त्यांनी नंबर उतरवून घेतला. पत्रात मात्र दोन्ही नावं घातली.

उत्तर यायला ऑक्टोबर उजाडला. पहिलं नाव, गहिनीनाथ: मोटार कंपनीतला ड्रायव्हर, राहणार खर्डा, मेडल एकोणपन्नासमध्ये पोचलेलं. खाली दुसरं नाव होतं. रंभाजी, त्याच कंपनीतला ड्रायव्हर. डाव्या मनगटाला दुखापत, शेहेचाळीसमध्ये डिस्चार्ज. मेडलचं पाकीट दोनदा पाठवलं आणि दोनदा परत आलं. शेरा: या नावाचा इसम गावात नाही.

आसारामांनी तो शेरा पुन्हा वाचला.

बनाबाईंना पत्रातला मजकूर कळवला. त्या म्हणाल्या, "खर्ड्याला जाऊ. मानूस असंल तर भेटंल." आसारामांचे गुडघे नको म्हणत होते, तरी दोघं नगरच्या माळीवाडा स्टँडवरून सकाळची एस.टी. धरून निघाले. जामखेडच्या पुढं रस्ता असा होता की आसारामांची कंबर धरली.

गहिनीनाथ जिवंत होते. किल्ल्याच्या अंगाला त्यांचं घर. ओसरीत बाजेवर बसलेला उंच, वाळलेला म्हातारा. बनाबाईंनी मेडल त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी कडेवर अंगठा फिरवला आणि वर पाहिलं.

"तुमी रंभ्याच्या मंडळी?"

"व्हय."

"मग तुमच्या लग्नात मी जेवलोय, वहिनी."

सुनेनं पाणी आणलं. म्हातारा थांबत थांबत सांगू लागला. "मला हिवताप झाला हुता. अकरा दिवस माझी गाडी बी त्यानंच हाकली, सायबाला कळू दिलं न्हाई. झोप न्हाई, काय न्हाई. बाराव्या दिवशी गाडी चालू करायला हँडल मारताना ते उलटं फिरलं अन् मनगट मोडलं. नीट बसलंच न्हाई ते पुन्हा. घरी धाडलं त्याला."

"आन् बिल्ला?"

"पन्नास साली लग्नाचं बोलावनं आलं. म्हनला, गावात कुनी इस्वास ठेवत न्हाई मी फौजेत हुतो म्हनून. पाकीट आलं ते गावानंच माघारी लावलं. तवाचा महारवाडा, कोन सांगनार हा मानूस हितलाच हाय म्हनून? मी माझं काढलं अन् मांडवात त्याच्या सदऱ्याला लावलं. नाव बारीक असतंय, म्हनलं, कोन वाचतंय. तिथं पंगतीला बसलो. ते खर्ड्यात कळलं तर वडलांनी दोन म्हैने घरात घेतलं न्हाई."

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्नात नवरीची मान खाली. उंच पाहुणा त्यांनी पाहिलाच नव्हता.

"घ्या भाऊजी. तुमचं हाय हे."

आसारामांना वाटलं, म्हातारा नको म्हणेल. पण गहिनीनाथांनी मेडल मुठीत घट्ट धरलं. "नातवंडं इचारत्यात," ते ओशाळून म्हणाले. मग आसारामांकडं वळले. "हवालदार, त्याचं सोताचं आना. मी सही देतो, अंगठा देतो, काय लागंल ते."

परतीच्या गाडीत जागा एकाच बाकावर मिळाली. आष्टी मागं पडली. शेवटी आसारामांना राहवेना.

"बाई, एक सांगतो. राग मानू नका. पहिल्या दिवशीच मी ते नाव वाचलं होतं. वाटलं, तुमच्या मालकांनी कुठून विकत घेतलं असेल."

बनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला ठावं हुतं. नातीनं वाचून दावलं हुतं, दोन वर्सं झाली. यशोधरानं."

"मग माझ्याकडं कशाला आलात?"

"मला बी तसंच वाटलं हुतं, भाऊ. दोन वर्सं त्यांच्या फोटूकडं नीट बघितलं न्हाई मी. दाखल्याचं निमित्त केलं. म्हनलं, खरं काय ते एकदा कळू दे."



दुसऱ्या दिवशी आसारामांनी अर्ज लिहिला, सोबत गहिनीनाथांचा जबाब जोडला. दाखला डिसेंबरात मिळाला. मेडल आलंच नाही. तसली आता शिल्लक नाहीत, असं कळवलं. त्याऐवजी एक शिक्क्याचा कागद आला, रंभाजी हे मेडलचे हक्कदार होते असं सांगणारा. पत्त्यावर वाडीचं नाव नीट होतं. वाडीतलं पोस्ट एका दुकानाच्या पडवीत होतं. पोस्टमन घरी आणून देणार होता, पण बनाबाई थांबल्या नाहीत. त्या चालत पोस्टात गेल्या आणि चार माणसं उभी असताना त्यांनी पोस्टमनला तिथंच पाकीट फोडायला लावलं.

"मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या.