एकतिसाव्या दिवसाचा मसुदा

“रडणं आटपलं की लिहायला बस. रडत लिहिलेला कायदा भलत्याच्याच मानेवर बसतो.”

तिला मसुदे लिहायला शिकवणारे मोठे साहेब असं म्हणायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण कायदे खात्यातल्या तिच्या टेबलाशी त्यांचा आवाज अजून बसलेला असे.

नाट्यगृहाला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. आत अडकून गेलेल्या एकोणीस मुलांत तिची सात वर्षांची भाची होती. तिसऱ्या दिवशी तिने एकाच बैठकीत लिहून काढलं, ‘सार्वजनिक जागेचे दार जो कोणी बंद करील, त्यास दहा वर्षे कारावास.’ मंत्र्यांना ते लगेच हवं होतं. दुर्घटनेनंतरचा कायदा तीस दिवस थांबवून ठेवायचा असा नियम, पण तिने निकडीच्या दाखल्यावर सही केली तर मुदत माफ.

चौथ्या दिवशी तिने मसुदा परत वाचला. ‘जो कोणी’पाशी पेन अडलं ते अडलंच; दाखल्यावर सही झाली नाही.

कचेरीत तिचं नाव ‘थांबाताई’ पडलं. जेवणाच्या सुट्टीत समोरची खुर्ची रिकामी राहू लागली.

धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, तुझ्या एका सहीवर अडलंय म्हणे?”

“अगं, महिनाभर थांब—”

“माझी पोर गेली आणि तू शब्द निवडत बसलीस? तांदूळ आहेत का ते?”

“एकतिसाव्या दिवशी मी स्वतः येते. आधी तुला वाचून दाखवीन, मग मंत्र्यांना.”

फोन बंद झाला होता. यातलं किती तिच्या कानावर पडलं, देव जाणे. पुढे बहिणीने फोन उचललाच नाही.

खालच्या मजल्यावर पाळणाघर होतं. मसुद्याची कुणकुण लागलेल्या तिथल्या मावशींनी सरळ विचारलं, “कडी काढली तर लेकरं रस्त्यावर, लावली तर मी तुरुंगात. एकदाच काय ते सांगा बाई, लावू की काढू?”

मग रोज कचेरी सुटल्यावर ती एकेक सभागृह पाहत हिंडली. गुडघे टेकून, भाचीच्या उंचीवरून, आतून दार ढकलून बघायची. एकदा एक दार उघडेना, तेव्हा तिने तिथेच बसून वही काढली आणि कडीची उंची लिहून घेतली.

‘जो कोणी’ खोडला गेला. तिथे आला जागेचा मालक, आणि ‘लहान मुलालाही आतून उघडता येणार नाही असे दार’.

एकतिसाव्या दिवशी सकाळी ती देवापुढे हात जोडून उभी राहिली. काही मागितलं नाही. कागद पिशवीत घातले, चष्मा घातला. बहीण आत घेईल की नाही, कुणास ठाऊक. तिने चपला पायांत सरकवल्या, आपलं दार हलकेच ओढलं आणि जिना उतरू लागली.