राजवाड्यामागचा मठ

मनीषने लाल दोरीवरून पुढे वाकून पाटीवरचा मजकूर मोठ्याने वाचला. राणीसाहेबांचा पलंग, शिसवी, पितळी पायांचा.

“यावर कधी कुणी झोपलं असेल असं वाटतच नाही,” सुलक्षणा त्याच्या शेजारून म्हणाली.

तो पुढच्या पाटीकडे गेला.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाचा हा राजवाडा हल्लीच लोकांना पाहायला खुला झाला होता. घरच्यांसमोर अवघडून बसण्यापेक्षा इथेच भेटा, असं सुलक्षणाच्या नणंदेने, साधनाने सुचवलं होतं. भावाच्या माघारी वहिनीने एकटं राहू नये म्हणून तीच स्थळं शोधत होती. मनीष सूसला राहायचा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एक मुलगी होती. माणूस सरळ आहे, एवढंच साधना म्हणाली होती.

दरबारात सुलक्षणाने त्याला विचारलं, “मुलगी कुठे असते तुमची?” तो झुंबराकडे बघत राहिला. जिन्यात ती म्हणाली, “जरा थांबू या का?” तो चढत गेला.

तिने पुन्हा विचारलं नाही. तिचा नवरा काही वाईट नव्हता. पेपरातून डोकं वर न काढता ‘हूं’ म्हणायचा, आणि सकाळी सांगितलेलं संध्याकाळी त्याला आठवायचं नाही. पुढे पुढे तिने सांगणंच सोडलं. तो गेल्यावर घर किती शांत झालं असं लोक म्हणायचे, तेव्हा ती चहा टाकायला उठायची.

मागच्या दाराशी राखणीला बसलेल्या सारजाबाईंनी हात आडवा केला.

“मठाकडं जायाचं असंल तर जपून जावा. छप्पर न्हाई ऱ्हायलं त्याला. दगड निसटत्यात.”

राजगुरूंच्या त्या मठाच्या आता नुसत्या भिंती उरल्या होत्या. कमानीतून आत पाहिलं की वर सरळ आभाळ दिसे. मनीष उंबऱ्यापाशी थांबला. सुलक्षणाही थांबली. तिचं ठरलं होतं.

“मला नाही वाटत आपलं जमेल,” ती हळू पण स्पष्ट म्हणाली. “साधनाला मी सांगते तसं.”

“इथे जास्त बरं वाटतं, नाही?” मनीष म्हणाला. “आत सगळं दोरीपलीकडे होतं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याची खूणही नव्हती. तेवढ्यात त्याने मान वळवली आणि तिचा चेहरा पाहून त्याचा हात डाव्या कानापाशी गेला.

“तुम्ही काही म्हणालात का? या कानाने मला अजिबात ऐकू येत नाही. भेटल्याबरोबर सांगायचं ठरवलं होतं. मग धीर झाला नाही, आणि पाट्या वाचत सुटलो.” तो थांबला. “काय म्हणालात?”

सुलक्षणा त्याला वळसा घालून उजव्या बाजूला आली.

“आत जाताना चपला काढायच्या का, विचारत होते.”

त्याने आत डोकावलं. देव्हारा रिकामा होता. फरशीतून गवत उगवलेलं.

“देव तर हलवलेला दिसतोय.”

“हो ना.”

तरीही तो एका पायावर उभा राहून बुटाची नाडी सोडू लागला. तोल जातोय असं दिसल्यावर तिने हात पुढे केला.