निखिलचा जाहीर सत्कार

मला कुणी काही बोललं तर मी विसरून जाते. माझ्या बापाला कुणी बोललं तर बिलकुल न्हाई विसरत, मंग तो बाप जित्ता असो का वर गेलेला.

माझा बाप, रखमाजी, आमचा दादा, कुंभार पिंपळगावचा. त्यानं शेती केली आन् भजन म्हणलं, तिसरं काही केलं न्हाई. एक चाल त्यानं स्वतः बांधली होती. एकानं ओळ उचलायची आन् साऱ्या मंडळीनं ती वरच्या सुरात झेलायची. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. दादा गेला, आन् माझ्याजवळ ती चाल तेवढी राह्यली.

मी जालन्यात पतसंस्थेत कामाला. आमच्या कॉलनीजवळ मंठा रोडला एक गार्डन बार आहे. मालकाचा पुतण्या निखिल पुण्याहून गिटार शिकून आल्ता. दर रविवारी संध्याकाळी लॉनवर 'सोल नाइट' करायचं त्याच्या डोक्यात होतं. पतसंस्थेत खातं काढायला आला तवा मला सांगून राह्यला होता, "तृप्तीताई, सोल म्हंजी अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी. प्रार्थनेतून निघालेली. एक जण म्हणतो, बाकीचे साथ देतात."

"अगं बाई, हे तर आमच्या दादाचं भजनच झालं की!" मी म्हणलं. आन् तिथंच काउंटरवर त्याला चाल म्हणून दाखवली. पोरगा येडाच झाला. म्हणला, ताई, तुम्हीच गायचं.

सुरुवातीला लॉनवर कुत्रं फिरकंना. "बाया बारमधी? नाव काढू नको," आमच्या भिशीच्या प्रमुख पुष्पाबाई म्हणल्या. मी घरोघर फिरले. लॉन वेगळं आहे, तिकडं पिणारे येत न्हाईत, पनीर झकास मिळतं, असं सांगून सांगून तोंड दुखलं. मंग भिशी आली, तिच्यामागं नवरे आले, नवऱ्यांमागं अख्खी कॉलनी. खुर्च्या पुरंनात. शेवटी दादाची चाल व्हायची आन् सारं लॉन ती झेलायचं. माझी अट एकच होती, आधी दादाचं नाव घ्यायचं.

मंग एका रविवारी निखिलनं माइक माझ्या हातातून घेतला. स्वतःच गायला. दादाची चाल! आन् वर म्हणतो कसा, "ही माझी ओरिजनल रचना आहे." लोकांना वाटलं, गंमत करून राह्यला.

मी त्याला मागं गाठलं. "दादाचं नाव कुठं गेलं रे?"

"ताई, गावाकडच्या बुवाचं नाव सांगितलं की सारा मूड जातो. आन् चालीवर काय कुणाचा सातबारा असतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा! आन् या नागोबाला लाज बी नव्हती. पुढच्याच आठवड्यात फोन केला, "ताई, पुण्याहून मोठ्या महोत्सवाचे एक सर येऊन राह्यलेत, मला ऐकायला. तेवढी गर्दी आणा ना."

"आणते की," मी म्हणलं. "लॉन कमी पडंल."

हे ऐकून पुष्पाबाई भडकल्या. "कुणीच जायचं न्हाई. बसू दे बोंबलत."

"बाई, खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तो गाईल. पाहुणा दादाची चाल ऐकंल आन् याच्या नावावर घेऊन जाईल. गुळानं मरतो त्याला विष कशाला? आपण त्याचा सत्कार करू."

आमच्याकडं सत्काराला नको म्हणता येत न्हाई. शाल घालणारा दोन शब्द बोलतोच. आन् ज्याला बोलू दिलं न्हाई तो वर्षभर रुसतो.

रविवारी लॉन गच्च भरलं. पाहुणे सर पुढच्या सोफ्यावर. आठच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं. निखिलनं तारेवर बोट ठेवलं तेवढ्यात पुष्पाबाई उठल्या. "एक मिनिट हं." भिशीतर्फे शाल, श्रीफळ, फेटा. टाळ्या. निखिल हसला. मंग सोसायटीतर्फे. मंग राधेश्याम किराणावाल्यांतर्फे. मंग ज्येष्ठ नागरिक संघातर्फे मच्छिंद्र सर, रिटायर मास्तर. त्यांनी दोन शब्दांची सुरुवात निजामाच्या राज्यापासून केली. मच्छिंद्र सरांच्या हातातून माइक काढणारा माणूस जालन्यात अजून जन्माला यायचाय.

निखिल शालींखाली घामाघूम. फेटा डोळ्यावर येऊन राह्यला होता. "सर, फक्त एक गाणं," तो पाहुण्याला म्हणला, तर गल्लीतली पोरं हार घेऊन चढली. मी मागच्या रांगेत बसून डोळे भरून पाह्यलं. काय सांगू, लई बरं वाटलं.

गाडीची वेळ झाली तसे पाहुणे उठले, हात जोडले. "माणूस फार लोकप्रिय आहे तुमचा. गाणं मात्र राहिलं," म्हणले आन् निघाले. मी पुष्पाबाईंना खूण केली. भाकरी टाकायच्यात म्हणून बाया उठल्या, त्यांच्यामागं बाकीचे. जल्दी जल्दी लॉन मोकळं झालं.

निखिल तसाच उभा होता. डोळ्यात पाणी. मी स्टेजवर गेले.

"आता म्हण."

"कुणासाठी, ताई?"

"माझ्यासाठी. आन् आधी नाव घे."

त्यानं माइक धरला. "चाल, कुंभार पिंपळगावच्या रखमाजींची." मंग त्यानं ओळ उचलली. खरं सांगते, अशी त्यानं कधीच म्हणली नव्हती. थेट दादासारखी. अंगावर काटा आला माझ्या. ओळ संपवून तो थांबला आन् माझ्याकडं पाहू लागला.

माझ्या गळ्याशी सूर आल्ता. मी दातावर दात धरले. याच्या सुराला सूर द्यायचा न्हाई, मेलं तरी न्हाई.

ओळ तशीच विरून गेली. दादाच्या ओळीला कुणी झेललं न्हाई असं त्याच्या अख्ख्या जिंदगीत कधी झालं नव्हतं. ते मी केलं, त्याच्या पोरीनं.