फोनमधली आई

पोरानं आपल्याला एकदाही ‘आई’ म्हटलं नाही, हे दैवशालाचं जुनं दुखणं. दोष पोराचा नव्हता. घरात दीर ढीगभर, ते दिवसभर ‘वैनी, वैनी’ करायचे, आणि नवरा स्वतःच्या आईला ‘आई’ म्हणायचा. कृष्णराज बोलायला शिकला तो तेच ऐकून. आई झाली ‘वैनी’ आणि आजी झाली ‘आई’. दैवशालानं गुळाचा खडा दाखवून ‘आई म्हण’ म्हणून पाहिलं. पोरगं खडा तोंडात टाकून म्हणालं, ‘‘अजून दे की वैनी.’’ लोहारा तालुक्यात घराघरांत हे चालतं, कुणी मनावर घेत नाही. दैवशालानं घेतलं. अंगणातून ‘‘आई’’ अशी हाक आली आणि सासू द्वारकाबाईनं ‘‘काय रं राजा’’ म्हणून ओ दिली, की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता हाक मारणाराच राहिला नव्हता. उन्हाळ्यात उमरग्याच्या रस्त्यावर कृष्णराज अपघातात गेला. त्याची बायको अर्पिता मुरूमची, शिकलेली. तिनं त्याचा फोन उघडायचा प्रयत्न केला, पण आकडे चुकत गेले आणि फोनला कायमचं कुलूप लागलं. लग्नाचे फोटो, त्याचं बोलणं, हसणं, सगळं फोनच्या कंपनीकडच्या खात्यात अडकलं. तिनं मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला. आज त्याचं उत्तर आलं होतं.

‘‘बायको असले तरी मला देत न्हाईत,’’ ती ओसरीवर बसून म्हणाली. ‘‘ह्यांनी आधीच माणूस नेमून ठेवलंय. माझ्यामागं खातं त्याच माणसाच्या हाती द्या म्हणून.’’

‘‘कुणाला नेमलंय?’’ दैवशालानं विचारलं.

‘‘आई, असं लिहिलंय.’’

द्वारकाबाईनं डोळ्याला पदर लावला. ‘‘मला ठावं होतं. लई जीव होता माझ्यावर.’’

दैवशालाला वाटलं, कुणीतरी काळजावर निखारा ठेवला. पोटात वाढवला मी, रात्र रात्र जागले मी, आणि मेल्यावरही म्हातारीच! जिला फोन उचलायचं बटण कुठलं ते अजून कळत नाही, तिला सगळं. दैवशालाला मेलेल्या पोराचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली नाही.

अर्पिता सांगत होती, ‘‘नंबर झाकलेला आहे. पण मी हितं दाबलं की त्या नंबरवर आकडे येतात. ते भरले की खातं उघडतंय. आजी, तुमचा फोन काढा.’’

म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढला आणि देवाचा टाक ठेवावा तसा समोर ठेवला. दैवशाला उठून स्वयंपाकघरात गेली. तो फोन वाजलेला तिला बघायचा नव्हता.

अर्पितानं बटण दाबलं.

फोन वाजला तो आत, ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर.

रिचार्जचा मेसेज असेल म्हणून दैवशालानं बघितलं. आकडे होते, आणि वर कृष्णराजचं नाव. जन्मभर तोंडानं वैनी म्हणणाऱ्या पोरानं फोनात तिचा नंबर ‘आई’ म्हणून ठेवला होता.

ती फोन घेऊन बाहेर आली. द्वारकाबाईनं आपला फोन हलवून पाहिला, कानाला लावून पाहिला. ‘‘माझ्यावर बी यील आता,’’ ती म्हणाली.

अर्पिताचं तोंड उतरलं होतं. बायको असून त्यानं आपल्याला नेमलं नाही, हे तिच्या नजरेत दिसत होतं. दैवशालाला ती नजर ओळखीची होती. त्याच नजरेनं तिनं आजवर सासूकडं बघितलं होतं.

‘‘आत्या, आकडे सांगा.’’

दैवशाला तिच्याजवळ टेकली. फोन तिनं मुठीत घट्ट धरला होता.

‘‘सांगते. आधी त्यानं काय लिवलंय ते वाच.’’

‘‘आई,’’ अर्पितानं वाचलं.

‘‘आणि एकदा वाच,’’ दैवशाला म्हणाली.